आजोबांचा पोस्टकार्ड कॅमेरा वाईडस्क्रीन करायचाय, कापू की नको?

सावईचं अननस (११ जून, रात्री १०:५०)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज धागा काढतोय, चूकभूल सांभाळून घ्या.

आमच्या गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या घरी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत एक कोडॅकचा घडीचा कॅमेरा सापडला. आजोबांनी तो शेजारच्या तारवट्याकडून (जहाजावरच्या खलाशाकडून) घेतला होता, किती पैशांना ते विचारायला आता कोणी नाही. पाठीवर ३ ए ऑटोग्राफिक लिहिलंय, वजन नारळाएवढं, उघडला की काळा भाता हातभर बाहेर येतो. पोर्तुगीज जायच्या आधीचे घरातले सगळे फोटो ह्याच कॅमेऱ्यातले, पोस्टकार्डाएवढे. आता त्याचा रोल मिळत नाही.

मला हवाय तो एकच फोटो. चवथीला, म्हणजे गणपतीला, आम्ही घरात ४२ माणसं जमतो. दरवर्षी कोणीतरी मोबाईलवर पॅनोरमा काढतो आणि दरवर्षी पोरं हलतात, गेल्या वर्षी मावशीला तीन हात आले आणि भाच्याचं डोकं दोनदा. म्हणून म्हटलं ह्याच कॅमेऱ्यात अजून मिळणारा, जरा अरुंद १२० नंबरचा रोल घालून सिनेमाच्या पडद्यासारखा लांबट फोटो एका झटक्यात काढायचा. यूट्यूबवर एकाने असाच कॅमेरा घेऊन पाठ करवतीने कापली, आतले लोखंडी दांडे उडवले आणि दुसऱ्या कॅमेऱ्याचा मागचा डबा चिकटवला. छान फोटो येतात त्याचे.

दुसरा पर्याय बाबांचा लुबिटेल (जुना रशियन कॅमेरा), त्यात ३५ एमएमचा रोल आडवा घालतात म्हणे, फिल्मच्या कडेच्या भोकांसकट फोटो येतो.

प्रश्न सरळ आहे, आजोबांचा कापू की नको? वास्कोला ओळखीचा लेथवाला आहे, तो तयार आहे. आई तयार नाही.

दोन नंबर फेरीबोट

आई तयार नाही म्हणजे धागा संपला की रे. कुलूप लावा.

बुरशीनाशक

कापायचा विचारसुद्धा करू नकोस. शंभर वर्षांची वस्तू आहे. ऑटोग्राफिक १९१४ ला आला, म्हणजे तुझ्या आजोबांच्या हातात येईपर्यंतच तो म्हातारा झाला होता. गोव्याच्या पावसात शंभर पावसाळे काढून जो भाता फाटला नाही त्याला तू करवत लावणार? मडगावात माझ्याकडे अकरा घडीचे कॅमेरे आहेत, त्यातले चार कोणीतरी असेच "सुधारून" मग भंगारात टाकलेले. कपाटात ठेव, सिलिका जेल टाक, फोटो काढायला मोबाईल आहे.

सावईचं अननस

मोबाईलची गोष्ट वरच लिहिलीय हो, मावशीचे तीन हात.

कानस

मी पण वास्कोचाच, जहाजाच्या कामात आयुष्य गेलं, कापायला जोडायला मला कंटाळा नाही. तरी सांगतो, कापू नकोस, पण बुरशीनाशकसाहेब म्हणतात त्या कारणासाठी नाही. कापायची गरजच नाही म्हणून.

लोक काय करतात, छोटा कॅमेरा घेतात आणि त्याच्यातून मोठा फोटो काढायला बघतात. मग खिडकी रुंद करा, कडा घासा, आणि शेवटी कळतं की लेन्सचा उजेड कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही, चारी कोपरे काळे. लेन्स एक गोल उजेड टाकते, तो गोल जेवढा तेवढंच तुमचं नशीब. तुझ्याकडे उलटं आहे. तुझा कॅमेरा १२२ नंबरच्या रोलचा, फोटो सव्वातीन इंच बाय साडेपाच इंच, म्हणजे ८३ बाय १४० मिलिमीटर. त्याची लेन्स तेवढं सगळं झाकते. त्यात १२० चा रोल घातलास की उंची होते ५६, लांबी तीच १४०. आपोआप अडीचास एक. मोठ्या घरात छोटं बिऱ्हाड आणायचंय, भिंत कशाला पाडतोस?

लागणार काय, १२२ ची रिळी लांब, १२० ची आखूड, तर दोन्ही टोकांना बूच. आणि मधल्या खिडकीला मास्क, म्हणजे ती अरुंद करणारी चौकट. बस्स. परत काढून ठेवलंस की कॅमेरा होता तसा, आई पण खूश.

गणिती

कानस यांच्या म्हणण्याला आकडे जोडतो. ५६ गुणिले १४० म्हणजे ७८४० चौरस मिमी. साधी ३५ एमएमची फ्रेम २४ बाय ३६, म्हणजे ८६४. नऊपट! हॅसलब्लाडचा एक्सपॅन, जो १९९८ ला फुजीबरोबर काढला आणि ज्याच्यासाठी लोक आज लाखांत पैसे मोजतात, त्याची फ्रेम २४ बाय ६५, म्हणजे १५६०. त्याच्याही पाचपट.

लुबिटेलमध्ये ३५ एमएम घातला तर ३५ बाय ५६ मिळेल, भोकं धरून. भोकं सोडली तर २४ बाय ५६. बरा आहे, मजेला ठीक. पण पाठीवर फोटोचा आकडा बघायची जी लाल खिडकी असते तिच्यावर काळी टेप लावायला विसरू नका, ३५ एमएमच्या मागे कागद नसतो, थेट फिल्मवर उजेड पडेल. आणि शेवटी तो रोल अंधारातच काढावा लागतो, परत डबीत गुंडाळायची सोय नाही.

पुण्याहून बघतोय

एक बाळबोध शंका, नऊपट वगैरे ठीक आहे पण साध्या कॅमेऱ्यातून काढून वरखाली कापला की झाला ना वाईडस्क्रीन? इंस्टावर कोणाला कळणार आहे?

बुरशीनाशक

ह्या न्यायाने पोळी अर्धी खाल्ली की पुरणपोळी होते.

स्वप्नातलं रीळ

हसू नका, पुणेकर अगदीच चुकीचे नाहीत. सिनेमात हे अधिकृतपणे झालंय. १९६० च्या दशकात इटलीत टेक्निस्कोप निघालं, त्यात ३५ एमएमच्या फ्रेमची उंची चार भोकांऐवजी दोन भोकांची केली, साध्या गोल लेन्सने २.३५ चा पडदा मिळाला आणि फिल्म लागली निम्मी. म्हणजे कापणंच, पण कॅमेऱ्याच्या आत कापलं आणि कापलेल्या जागेत पुढची फ्रेम बसवली. निर्माता खूश, फिल्मचे दाणे मात्र मोठे दिसायचे.

दुसरा रस्ता सिनेमास्कोपचा, १९५३ पासूनचा, लेन्सच चित्र आडवं दाबते आणि दाखवताना प्रोजेक्टरची लेन्स ते पसरते. आपल्याकडे पहिला सिनेमास्कोप गुरुदत्तचा कागज के फूल, १९५९, कॅमेरा व्ही. के. मूर्ती. त्यातल्या उन्हाच्या तिरिपीवर वेगळा धागा होईल.

तिसरा रस्ता सोळा एमएमवाल्यांचा आणि तिथे खरंच कानस लागते (सदस्य कानस नव्हे). जुन्या सोळाची फ्रेम १०.२६ बाय ७.४९, जवळजवळ चौकोनी. एका बाजूला साउंडट्रॅकची जागा असते, ती पण चित्राला वापरायची, म्हणजे रुंदी १२.५२, गुणोत्तर १.६६ च्या आसपास, हे सुपर सोळा. स्वीडनच्या रूने एरिक्सनने १९७० च्या सुमाराला करून दाखवलं. मी स्वतः रशियन क्रास्नोगोर्स्क के ३ वर हा उद्योग केलाय. किल्ली देऊन चालणारा कॅमेरा, रणगाड्यासारखा. गेट, म्हणजे फिल्मसमोरची खिडकी, एका बाजूने दीड दिवस घासलं, अर्ध्या मिलिमीटरला चहा, अर्ध्या मिलिमीटरला चहा. मग लक्षात आलं की फ्रेम एकाच बाजूला वाढली म्हणजे मध्य सरकला, लेन्स पण सरकवायला हवी. ती सरकवली. मग पहिला रोल धुवून आला तर नव्या रुंदीत वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ, कारण आतले रूळ त्या बाजूला फिल्मला टेकतात, पूर्वी तिथे चित्र नव्हतं म्हणून कोणाला फरक पडत नव्हता. ते पण घासले. आणि एवढं करून मीटिऑरची झूम लेन्स १७ वर नेली की कोपरे काळे. कानसभाऊ म्हणतात तो उजेडाचा गोल, तो मला चार महिन्यांनी कळला.

दोन नंबर फेरीबोट

म्हणजे रेघ मारलेला मिरामारचा किनारा, कडेला काळोख. इफ्फीत (गोव्याच्या चित्रपट महोत्सवात) पाठवा, कोणीतरी प्रायोगिक म्हणून बक्षीस देईल.

स्वप्नातलं रीळ

पाठवला होता एका ठिकाणी. "रेघेचं प्रतीक आवडलं" असं उत्तर आलं.

म्हापशेकर काका

मी चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, आता डोळे गेले म्हणून मुलगा झेरॉक्स चालवतो. अननसा, बाळा, एक फोटो टाक लेन्सच्या कडेचा. त्यावर आकडे काय आहेत ते वाच.

सावईचं अननस

काका, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. आणि शटरवर २५, ५०, १००, टी, बी. एफ ४ म्हणजे चांगलीच उजेडाची लेन्स ना? सभामंडपात माटोळीखाली बसवून काढता येईल असं वाटतंय.

म्हापशेकर काका

वाटलंच मला. ते एफ नव्हे रे. ते जुने यू.एस. आकडे, युनिफॉर्म सिस्टम. त्यात ४ म्हणजे आताचा एफ ८. ८ म्हणजे एफ ११. १६ तेवढा १६ च, तिथे दोघांची गाठ पडते. पुढे ३२ म्हणजे एफ २२, ६४ म्हणजे ३२, १२८ म्हणजे ४५. तुझी लेन्स जुन्या पद्धतीची, रॅपिड रेक्टिलिनियर, पूर्ण उघडली तरी एफ ८, म्हणजे उजेड कमीच. माटोळीखाली काढलास तर फक्त समईची वात येईल. अंगणात काढ.

आणि २५ म्हणजे एक पंचविसांश सेकंद असं त्या शटरला कोणी सांगितलं होतं ते शंभर वर्षांपूर्वी. आता ते आपल्या मनाने चालतं. मोबाईलने स्लो मोशनमध्ये शूट करून बघ पाकळ्या किती वेळ उघड्या राहतात.

सावईचं अननस

पडलो तोंडावर. बरं झालं विचारलं. अंगण आहे, पण मध्ये तुळस आहे.

गणिती

तुळशीचा हिशेब करूया. ३ ए ची लेन्स साधारण १७० मिमीची असते. फ्रेमची लांबी १४०. म्हणजे आडवा कोन निघतो जवळपास ४५ अंश. हा ३५ एमएमवर ४४ मिमी लेन्स लावल्यासारखा झाला. लोक समजतात लांबट फोटो म्हणजे वाईड अँगल. तसं नसतं, फ्रेमचा आकार लांबट आहे, बघणं साधंच. एक्सपॅन ४५ च्या लेन्सने ७१ अंश बघतो, तुमचा नाही बघणार.

आता ४२ माणसं, तीन रांगा, रांगेत १४. माणशी ४५ सेंटिमीटर, चवथीच्या जेवणानंतर ५० धरा. म्हणजे ६.३ ते ७ मीटर. १७० ची लेन्स ८ मीटरवरून ६.६ मीटर रुंद बघते, १० मीटरवरून ८.२. उंची ८ मीटरवर २.६ मीटर, तीन रांगांना पुरे. तेव्हा किमान साडेआठ मीटर मागे जा. तुळस कुठे येते?

सावईचं अननस

तुळस बरोबर सहा मीटरवर. आत्ता टेप घेऊन मोजून आलो, आई विचारतेय रात्री साडेअकराला अंगणात काय करतोस.

दिवाडची

तुळशीच्या मागे नको, बाजूने तिरका काढ, किंवा सगळ्यांना पायऱ्यांवर बसव आणि तू कुंपणाबाहेर रस्त्यावर जा. आमच्याकडे दिवाडला बोंदेराच्या (झेंड्यांच्या उत्सवाच्या) वेळी मी छतावरून काढते, माणसं नाही, नुसती रस्त्यातली मिरवणूक, तिला हा आकार अगदी शोभतो. मी कापलेला नाही हो, माझा अग्फा घडीचा साध्या ६ बाय ९ चा, त्यात ३५ एमएम घालते. चौदा पंधरा फोटो येतात एका रोलवर, प्रत्येक नऊ सेंटिमीटर लांब. मांडवीच्या पलीकडून रायबंदरचा पूल काढलाय त्याच्यावर, हातभर लांब प्रिंट केला तरी चालतो.

आणि बुरशीनाशक, कपाटात ठेवलेलं सगळं गोव्यात बुरशीच्याच घशात जातं. वापरलेलं टिकतं. उन्हात हवेत फिरवा त्यांना.

बुरशीनाशक

वापरा ना, मी कुठे नाही म्हणतोय. कापू नका म्हटलं. उन्हात मात्र भाता जास्त वेळ ठेवू नका, जुनं चामडं कडक होतं.

अननसासाठी खरी उपयोगाची गोष्ट, भात्याची भोकं तपासलीस का? रात्री दिवे घालवून मागून टॉर्च आत धर आणि भाता हळूहळू हलव. घड्यांच्या कोपऱ्यात तारे दिसतील. माझ्या एकात आख्खी आकाशगंगा दिसली होती. काळा फॅब्रिक पेंट घे, पातळ, दोन हात. पंक्चरचं सोल्युशन लावू नकोस, ते चिकटतं आणि पुढच्या उन्हाळ्यात तडकतं.

सावईचं अननस (१९ जून)

अपडेट. भोकं सात. रंगवली. झुरळाची अंडी एक जुडगा, ती काढली.

कानसदादांनी सांगितल्याप्रमाणे बूच केली. थ्रीडी प्रिंट करायला एका इंजिनियरिंगच्या मुलाला दिली होती, त्याने ढिली करून दिली, मग स्वतःच पीव्हीसी पाईपचे तुकडे आणि नळाचे वॉशर घेऊन बसवली, ती घट्ट बसली. मास्क सनमायकाच्या तुकड्याचा, काळा मॅट रंग मारून. चावी फिरते. एक प्रश्न, रोल किती फिरवायचा हे कसं कळणार? पाठीची लाल खिडकी भलत्याच जागी आहे, १२० चे आकडे तिच्यात दिसतच नाहीत.

कानस

मास्क करताना वरखाली पट्ट्या ठेवल्यास का? खिडकी ८३ ची आणि फिल्म ६१ ची, आधार नसेल तर फिल्म पापडासारखी फुगेल आणि मध्ये फोकस एक आणि कडेला दुसरा. मास्कलाच दोन रूळ चिकटव म्हणजे फिल्म त्यांच्यावरून सरकेल. कड पॉलिश पेपरने मऊ कर, नाहीतर रीळसाहेबांची रेघ तुलाही मिळेल.

फेऱ्यांचं गणितीला विचार, झोप येत नाही त्याला.

गणिती

१२० च्या कागदावर आकड्यांच्या तीन रांगा असतात, १६ फोटोंची, १२ ची, ८ ची. सोळाच्या रांगेत दोन आकड्यांत साधारण साडेशेहेचाळीस मिलिमीटर. तीन घरं पुढे गेलात की १३९.५. तुमची फ्रेम १४०. म्हणजे फोटो एकमेकांच्या गालाला गाल लावून बसणार. खिडकी सोळाच्या रांगेवर असती तरी हा घोळ होताच. मास्क दोन्ही बाजूंनी तीन तीन मिमी आत घ्या, फ्रेम १३४ होईल, फट सुटेल. मग रोलवर पाच फोटो बसतील, चार निश्चिंत.

खिडकी नाही तर चावीचे फेरे मोजा. पण फेरे प्रत्येक वेळी सारखे नसतात, रीळ जाड होत जातं. पहिल्या फोटोला सव्वातीन फेरे लागले तर शेवटच्याला सव्वादोनच्या आसपास.

म्हापशेकर काका

हिशेब बरोबर, पण एक रोल वाया घालव. मुदत संपलेला घे, पाठ उघडी ठेवून फिरव आणि प्रत्येक चौदा सेंटिमीटरला चावीवर खूण कर. आम्ही इंदूचे रोल असे वाया घालवायचो, ऊटीच्या कारखान्याचे, तेव्हा स्वस्त होते. आता तो कारखानाही नाही. रोलची किंमत बघून हात थरथरत असेल तर घरातला जुना एखादा कागद असेल तोही चालेल, जाडी तीच हवी.

आणि लाल खिडकीला आतून काळी टेप मार कायमची. त्या काळच्या फिल्मला लाल दिसत नव्हतं म्हणून ती खिडकी लाल. आताच्या पॅन्क्रोमॅटिक फिल्मला सगळं दिसतं.

दोन नंबर फेरीबोट

अननसा, पाठीवर एक लहान झाकण आहे ना, काडी अडकवलेली? ते काय आहे? आमच्या आजीकडच्या कॅमेऱ्यावर होतं, आम्ही लहानपणी त्यात मुंग्या सोडायचो.

बुरशीनाशक

तीच तर ऑटोग्राफिकची गंमत. झाकण उघडून त्या काडीने कागदावर लिहायचं, कोण, कुठे, कधी, आणि थोडा उजेड दाखवायचा, मग ते निगेटिव्हच्या कडेला उमटायचं. ही युक्ती हेन्री गेसमनची, ईस्टमनने त्याला ३ लाख डॉलर मोजले त्या काळात. गेसमन पुढे दाढीच्या ब्लेडच्या धंद्यातही गाजला. लोकांनी मात्र फारसं लिहिलं नाही, १९३० च्या दशकात बंद झालं.

अननसाला आत्ता त्या झाकणाचा उपयोग शून्य, धोका मात्र पूर्ण. टेप लाव.

दोन नंबर फेरीबोट

३ लाख डॉलर आणि आम्ही मुंग्या.

पुण्याहून बघतोय

विषयांतराबद्दल माफी, पण माटोळी म्हणजे नक्की काय? वर दोनदा आलं.

दिवाडची

गणपतीच्या वर छताला लाकडी चौकट टांगतात, तिला रानातली फळं, फुलं, पानं बांधतात. कांगलां, घागऱ्यो, माट्टुल्यां, शेरवडां, नारळाच्या पेंडी, सुपाऱ्यांचे घोस. ती आडवीच असते आणि रुंद असते, म्हणून अननसाच्या डोक्यात हा आकार आला असणार. साध्या फोटोत माटोळी घेतली की गणपती लहान दिसतो, गणपती घेतला की माटोळी कापली जाते.

सावईचं अननस

ताई, हेच. पण एफ ८ ने पोपट झाला.

म्हापशेकर काका

पोपट कसला. माटोळी हलते का? देव हलतो का? शटर टी वर ठेव (एकदा दाबलं की उघडतं, परत दाबलं की बंद होतं), पाय रोवून स्टँडवर, दिवे लाव आणि पंधरा वीस सेकंद उघडा ठेव. लांब एक्सपोजरला फिल्म आळसावते, तेव्हा उजेडाचा मीटर दहा म्हणाला तर वीस दे. फक्त पंखा बंद. आम्ही देवळातले गाभारे असेच काढले. माणसं अंगणात, देव आत, दोन फोटो काढ.

सावईचं अननस (सप्टेंबर, चवथ झाल्यावर)

मंडळी, झाला एकदाचा रोल. चार फोटो. सगळं खरं सांगतो.

पहिला फोटो दहा वाजता अंगणात. तिरका लावला, तुळस डाव्या कडेला राहिली, दिवाडच्या ताईंचं बरोबर होतं. ४०० चा रोल, यू.एस. १६, शटर ५० वर. तीन रांगा, पोरं खाली. आजोबांनंतर पहिल्यांदा त्या भात्यासमोर घर उभं राहिलं, धाकटा काका उगाचच छाती पुढे काढून. शटर दाबलं, इतका बारीक आवाज की कोणाचा विश्वासच बसेना, सगळे तसेच ताटकळत उभे, "काढ ना रे". काढला म्हटलं तरी नाही.

दुसरा त्याचाच दुसरा प्रयत्न. तिसरा माटोळीचा, वीस सेकंद, पंखा बंद. चौथा काजूच्या बागेत मुलांचा, तो म्हणजे धुरळा.

धुतला घरीच, दिवाडच्या ताईंनी सांगितलेलं कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी चं पाणी करून. स्वयंपाकघरात जो वास सुटला त्यावरून आईने चवथीच्या दिवसांत पहिल्यांदा आवाज चढवला. टाकी साधी १२० ची चालली. नळाचं पाणी २८ अंश होतं, बादलीत बर्फाच्या पिशव्या सोडून वीसवर आणलं.

निकाल. पहिल्यावर उजवीकडून पांढरा पट्टा, ऑटोग्राफिकच्या झाकणावरची टेप कोणीतरी काढली होती, "हे काय चिकटलंय" म्हणून. चुलत बहीण कबूल झाली. दुसरा स्वच्छ. म्हणजे खरंच स्वच्छ, मावशीच्या साडीचे काठ मोजता येतात, हात दोनच. तिसरा माटोळीचा, कडेला थोडा मऊ आहे पण कांगलां एकेक दिसतात आणि गणपती पण पूर्ण. तिसऱ्या आणि चौथ्याची कड मात्र एकमेकांवर चढली, माटोळीच्या टोकाला एका भाच्याचं कोपर लटकतंय. फेरे चुकले माझे.

गणिती

तिसऱ्यानंतर अडीच फिरवायचे होते. किती फिरवले?

सावईचं अननस

दोन. मागून कोणीतरी जेवायला बोलावत होतं.

स्वप्नातलं रीळ

कोपर राहू दे. "कोपराचं प्रतीक आवडलं."

बुरशीनाशक

दुसरा फोटो मोठा करून बघितला. कबूल करतो, कपाटात ठेव म्हटलं ते मागे घेतो. कापला नाहीस त्याचं समाधान वेगळं. बूच काढून ठेवताना डबीत ठेव आणि वर चिठ्ठी लिही कशाची आहेत, नाहीतर वीस वर्षांनी कोणीतरी नळाला लावेल.

पुण्याहून बघतोय

मी ओएलएक्सवर ३ ए शोधतोय. हा धागा महागात पडणार असं दिसतंय.

कानस

घेताना आधी भाता बघ, मग लेन्समधली बुरशी, शटर शेवटी. शटर साफ होतं, भाता नवा करायचा तर महिना जातो. आणि ११६ नंबरचा घडीचा मिळाला तरी सोडू नकोस, त्याचा रोल ७० मिमी रुंद होता, १२० घातला की सहा बाय अकरा मिळतं, बूच छोटी लागतात, काम सोपं.

दिवाडची

अननसा, प्रिंट काढलास का? त्या कॅमेऱ्याची मजा अशी की वाढवायला नको, निगेटिव्ह थेट कागदावर ठेव, काच ठेव, दिवा लाव, पोस्टकार्डाच्या लांबीचा फोटो तयार. ४२ जणांना वाट.

सावईचं अननस

काढणार. फक्त एक घोळ आहे, आज मोजताना लक्षात आला. फोटोत ४१ आहेत.

दोन नंबर फेरीबोट

बेचाळिसावा शटर दाबत होता. देवा रे.

सावईचं अननस

हो. आई म्हणते ह्या वर्षीचा धरायचा नाही. काका, शटरला केबलचं भोक दिसतंय बाजूला, केबल किती लांब मिळते?

म्हापशेकर काका

माझ्याकडे एक पडून आहे, तीन फूट. घेऊन जा. उरलेले पंचवीस फूट तू टी वर ठेवून धाव.

गणिती

टी वर परत बंद कोण करणार?

म्हापशेकर काका

तोच परत धावेल. तरुण आहे.